उडायच्या बुटांची बंडी

यवतमाळच्या मे महिन्यात, माणसं डोक्यावर ओला पंचा टाकून बसलेली असताना, माझा गजूमामा मेंढीच्या लोकरीची बंडी घालून आमच्याकडे जेवायला यायचा. बंडी बाहेरून काळपट कातड्याची आणि आतून केसाळ. पाठीवर दोन तुकडे जाड दोऱ्यानं जोडलेले. पुढं चार बटनं, चारही लावलेली. कपाळावरून घामाच्या धारा वाहायच्या, त्या तो पुसायचा नाही. पंगतीत एखादा नवखा पाहुणा हमखास विचारायचा, "गजाननराव, एवढ्या उन्हात हे कायले?" मामा त्याचीच वाट पाहत असायचा. पाण्याचा एक घोट घ्यायचा आणि बोट माझ्या पायांकडे करायचा.

"खालचं तिथं हाये. त्याले विचारा."

मग मी सगळी हकिकत सांगायचो. बारशात सांगितली, मुंजीत सांगितली, एकदा माझ्या तहसीलदारसाहेबांसमोर सांगितली. नऊ वर्षं सांगितली. आता मामा नाही, बोट दाखवणारं कुणी नाही. तरी पाहुणा दिसला की माझी जीभ वळवळते, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मामा नेरचा. हवाई दलात तो मालवाहू विमानावर बिनतारी संदेशाचं काम करायचा. छातीवरच्या बिल्ल्यात एकच पंख. दोन पंख वैमानिकाचे, आणि त्याचा वैमानिक सुधाकर आपल्याच जिल्ह्यातला, उमरखेडचा. मामा त्याच्याबद्दल बोलायला लागला की हातातलं काम बाजूला ठेवायचा. कान बिघडल्यामुळं छप्पन साली मामाला घरी यावं लागलं. नेरच्या बसस्टँडजवळ त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, पण शिस्त तिकडचीच. बुटाची लेस आडव्या पट्ट्यांनी ओवायची, फुली पडता कामा नये. शर्टाचं वरचं बटन उघडं दिसलं की तो भर रस्त्यात लावायला लावायचा. "ते उघडं ठेवाचा मान वैमानिकाचा," म्हणायचा. "तू तं साधी सायकल आपटते."

त्याच्या ट्रंकेत उडायच्या बुटांचा एक जोड होता. लढाईच्या वेळचे विलायती बूट, खाली काळा चामडी जोडा आणि वर पोटरीपर्यंत लोकर लावलेली नळी. दर रविवारी तो त्यांना तेल लावायचा. घालायचा कधीच नाही. सुटीवर त्याच्याकडे गेलो की मलाही दाखवायचा. नळीच्या आत लहान खिसा आणि खिशात बोटाएवढा चाकू. विमान शत्रूच्या मुलखात पडलं तर घोट्याजवळची शिवण या चाकूनं कापायची. नळ्या वेगळ्या होतात, पायात साधा बूट उरतो, आणि माणूस शेतकऱ्यासारखा चालत घरी येऊ शकतो. मामा हे इतक्या कौतुकानं सांगायचा की मला वाटलं, बुटांचा खरा उपयोगच तो. ते बूट कुणाचे, हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. माझ्या अकलेचा हिशेब तुम्ही इथंच मांडा.

पुढं एका वर्षी माझं लग्न ठरलं. नवरदेवाच्या पायात बूट हवेत, आणि माझे पाय असे की यवतमाळच्या दुकानात एक जोड धड बसेना. मामा कान दाखवायला अमरावतीला गेला होता. मी नेरला गेलो, मामी विहिरीवर होती, मी ट्रंक उघडली. त्याच लहान चाकूनं मी त्या नळ्या दहा मिनिटांत कापल्या. शिवण फार सुबक कापली म्हणून स्वतःवर खूशही झालो. मामा येईल, पाहील आणि म्हणेल की भाचा हुशार निघाला. नळ्या घडी घालून परत ट्रंकेत ठेवल्या. चोर असतो तर निदान त्या तरी लपवल्या असत्या.

लग्नात मेहुण्यांनी माझे बूट लपवले. वरपक्षाकडून ते शोधायला मामाला पाठवलं, कारण मामाच्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळे म्हणत. ज्वारीच्या पोत्यांमागून तो बूट घेऊन आला तेव्हा सगळे हसत होते. तो हसत नव्हता. बोटानं घोट्याजवळची कापलेली कड चाचपत तो माझ्यासमोर खाली बसला. मामानं भाच्याच्या पायाशी बसावं, बायका माना उंच करून पाहू लागल्या. त्यानं दोन्ही बूट माझ्या पायात घातले, लेस आडव्या पट्ट्यांनी ओवली, गाठ मारली आणि उठताना माझ्या कानाशी म्हणाला, "आता हे माह्यासमोर काढू नको. म्या तुले सोडत नाई."

चौथ्या दिवशी तो बंडी घालून आमच्या घरी आला. कापलेल्या दोन्ही नळ्या उलगडून, जोडून त्यानं स्वतः शिवलेली. ओसरीवर बसून त्यानं मला शिक्षा वाचून दाखवावी तसं सांगितलं. त्यांच्या तुकडीतली रीत अशी, की कुणी गेला की त्याचं सामान सोबती आपसात विकत घेतात आणि पैसे घरी पाठवतात. उडायचे बूट मात्र विकायचे नाहीत. ते एकानं ठेवायचे, आणि ज्याच्याकडे बूट, त्यानं गेलेल्याच्या आईला दर महिन्याला पत्र लिहायचं. सुधाकरचं विमान पूर्वेकडच्या डोंगरात पडलं होतं. त्या दिवशी मामा तापानं पडून होता आणि सुधाकरचे बूट त्याच्या खाटेखाली होते.

"बूट तुह्या पायात हायेत," मामा म्हणाला. "पत्र तू लिहाचं."

मी म्हणालो, मी तर त्यांना पाहिलंसुद्धा नाही. तो म्हणाला, "पाह्यशीन."

आणि खरोखरच पाहायला लावलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी नेरला जायचो. मामा बंडी घालून समोर बसायचा, मी बूट घालून अंतर्देशीय पत्र पुढ्यात घ्यायचो. मी सुरुवातीला कचेरीच्या सवयीनं लिहिलं, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. त्यानं ते फाडलं. मी पाऊसपाण्याचं लिहिलं, तेही फाडलं. "पाऊस तिले बी दिसते. तिचा पोरगा तिले दिसत नाई. ते लिही." मग तो सांगायचा आणि मी लिहायचो. सुधाकर विमान उतरवताना शीळ घालायचा. भेंडी ताटात आली की शेजाऱ्याच्या ताटात सरकवायचा. उडायचे बूट घालून जेवायच्या खोलीत येणं तिथं मना होतं, म्हणून तो दारात बूट उतरवायचा आणि भूक फार असली की मोज्यांवरच आत यायचा. दोन वर्षांत मला माझ्या सख्ख्या भावापेक्षा सुधाकर जास्त माहीत झाला. त्याच्या म्हाताऱ्या आईला वाचता येत नसे. शेजारच्या शाळामास्तरच्या हातचं उत्तर यायचं. शेवटची ओळ ठरलेली: बुटाले तेल लावता ना?

इथंच मामाचा खरा सूड होता. पत्र मनासारखं झालं की तो म्हणायचा, "आता लिही, बूट कापले म्हनून." माझा हात थांबायचा. मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात लिहितो. "लिहू नको," तो म्हणायचा. "मी बसलो हावो. मले घाई नाई." अशी चार वर्षं गेली. मला प्रमोशन मिळालं, मुलगी झाली, समाजात मला लोक शहाणा समजू लागले, आणि दर महिन्याला एक आंधळेपणानं विश्वास ठेवणारी बाई मला तेलाचं विचारत राहिली.

मग एका मे महिन्यात पत्र आलं. नजर अधू झाली आहे, एकदा बूट हाती द्या. मामानं ते दोनदा वाचलं. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं.

"चाला, नवरदेव."

सकाळच्या बसनं आम्ही उमरखेडला निघालो. तो बंडीत, मी बुटात. घर सापडलं तसा मामा दाराच्या चौकटीशी थांबला आणि म्हणाला, तू जाय. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की एवढ्या वर्षांत हा माणूस नेरहून उमरखेडला एकदाही आला नव्हता.

मी बूट काढून म्हातारीच्या मांडीवर ठेवले. तिनं टाचेपासून हात फिरवला, लेसवरून नेला, घोट्यापर्यंत आणला, आणि मग हात वर गेला. वर काही नव्हतं. तिचा हात तिथंच हवेत दोनदा फिरला.

"वरचं कुठं गेलं?"

"मी कापलं," मी म्हणालो. "माझ्या लग्नासाठी. मला माहीत नव्हतं. नंतर माहीत झालं, पण सांगितलं नाही."

दारातून मामा पुढं आला. अंगातली बंडी काढून त्यानं तिच्या हाताशी धरली. ती लोकर चाचपत राहिली.

"सुट्टीत आलता तवा त्यानं मले दाखोलतं," ती म्हणाली. "म्हने, माय, इमान पडलं तं हे वरचं कापाचं अन् साध्या मानसावानी चालत घरी याचं." तिनं मांडीवरचे बूट पोटाशी ओढले. "आले तं मंग घरी."

मामा तिच्या पुढ्यात खाली बसला. "या बुटाची चेन तुटली होती," तो म्हणाला. "मले बसवाची होती. मी म्हनलं, उद्या बसवतो. म्हनून तो साध्या जोड्यावर गेला, माय." हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, त्याचा सूड फक्त माझ्यावर आहे.

म्हातारीनं बंडी त्याच्या हातात परत दिली. बूट मात्र ठेवून घेतले, आणि भिंत धरत जाऊन दाराच्या आत, टोकं घराकडे करून ठेवले, कुणीतरी नुकतंच बाहेरून आल्यासारखे.

परतताना मी अनवाणी. उमरखेडचा रस्ता तव्यासारखा. बाजारात चपलांचं दुकान लागलं, मी वळलो, तर मामानं दंड धरला. "चाल तसाच." मी नाचत नाचत बसस्टँडवर पोचलो. बसमध्ये तो माझ्या भाजलेल्या तळव्यांकडे समाधानानं पाहत म्हणाला, "तिनं तुले सोडलं. म्या नाई सोडलं."

त्यानं ते पाळलं. पुढं पाच वर्षं पंगतीत बोट तसंच माझ्या पायांकडे, पायात साध्या चपला असल्या तरी. शेवटच्या आजारात तो नेरला खाटेवर होता, बंडी अंगावर पसरलेली. मी म्हणालो, मामा, आता तरी माफ कर. त्याला ऐकू कमी यायचं, पण हे आलं.

"नाई."

"अजून काहून नाही?"

"म्हातारी जिती हाये. माफ केलं तं तू पत्र सोडशीन. तुले वळखतो मी."

तेराव्याला मामीनं बंडी माझ्या हाती दिली. आतल्या खिशात तो लहान चाकू तसाच होता, तेल लावलेला.

म्हातारी अजून आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी लिहायला बसतो तेव्हा बंडी घालूनच बसतो. न घालता दोनदा बसून पाहिलं, पाऊसपाण्याच्या पुढं गाडी सरकेना. परवा मे महिन्यात मुलगी म्हणाली, "बाबा, एवढ्या उन्हात हे कायले?" मी सवयीनं बोट उचललं, पण ज्याच्या पायांकडे दाखवावं असं समोर कुणी नव्हतं. मग घाम न पुसता पत्र पुरं केलं. चारही बटनं लावलेली होती. वरचं उघडं ठेवायचा मान माझा नाही.