नेटचे अंतरपाट

शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या ब्रायडल फेअरमध्ये आम्ही टेबल घेतलं, तेव्हा आमचा धंदा जेमतेम आठ महिन्यांचा होता. आम्ही म्हणजे मी आणि वहिनी. लग्नात लागणारे अंतरपाट भरतकाम करून द्यायचे, एवढंच काम. तोवरची गिऱ्हाइकं सगळी ओळखीतली होती. अनोळखी माणसांसमोर माल मांडायची ही पहिलीच वेळ. वाटणी आधीपासून ठरलेली होती: बोलायचं वहिनीनं, भरायचं मी.

टेबलासाठी सहा नवे नमुने लागणार होते. आधीचे सगळे जाड सुती कापडाचे होते. ते कापड वहिनीच्या माहेरून, कबनूरहून यायचं. मला या वेळी वेगळं काहीतरी करायचं होतं. फोनवर पाहिलेल्या फोटोंमध्ये पातळ कापडातून येणारा उजेड मला फार आवडायचा. मी कुणाला न सांगता पांढरी नेट आणली आणि खोलीचं दार लावून कामाला बसले.

वहिनी दाराशी येऊन विचारायची, "काय वन्सं, दाखवा की जरा! आत काय नवरा लपवून ठेवलाय?"

"झाल्यावर दाखवते," मी म्हणायचे.

शाळेत चित्रकलेच्या तासालाही मी वहीवर हात ठेवूनच बसायचे. अर्धवट कामावर कुणी काही बोललं, की ते मला आठवडाभर पुरतं.

प्रदर्शनाला चार दिवस असताना सहावा अंतरपाट पूर्ण झाला. जयसिंगपूरची आत्या आली होती. मी सहाही सोफ्यावर पसरले. आत्यानं त्यातला एक उचलला, दोन्ही हातांनी समोर धरला आणि पलीकडे उभ्या असलेल्या वहिनीकडे बघितलं.

"सूनबाई, तू दात काढून हसायलीस ते दिसतंय मला."

"मलाबी तुमचं नाक दिसतंय की, आत्या."

"मग ह्यो अंतरपाट कसला? नवरानवरीनं एकमेकाला बघू नये म्हणून धरत्यात न्हवं? पोरी, ही मच्छरदाणी झाली."

आत्या हसली, वहिनी हसली नाही. मी इतक्या लग्नांना गेले आहे, पण कायम मागच्या खुर्चीत, मुठीत अक्षता घेऊन. अंतरपाटाचा रंग, काठ, त्यावरची नावं हे सगळं मला पाठ होतं. तो कशासाठी धरतात याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"दहा वेळा विचारलं की गं तुला," वहिनी म्हणाली. त्यात 'वन्सं' नव्हतं. ते मला आत्याच्या मच्छरदाणीपेक्षा जास्त लागलं.

आत्यानंच तोडगा काढला. "ब्लाऊजला लावता तसं अस्तर लावा." वहिनीनं उरलेलं कबनूरचं कापड काढलं आणि मशीनवर बसली. अस्तरामुळे मागच्या दोऱ्यांच्या गाठीही झाकल्या गेल्या. दोन अंतरपाटांची नेट मात्र शिवताना ओढून फाटली. राहिले चार.

रविवारी सकाळी आत्यानं परीक्षा घेतली. बाबा आणि दादा दोन टोकं धरून उभे राहिले, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मी. आत्यानं मंगलाष्टका सुरू केल्या, त्याही एकेक ओळ लांबवून. चौथ्या कडव्याला दादाचा हात खाली यायला लागला आणि मला वहिनीचं कपाळ दिसलं.

"वर धर की रं!" आत्या गाता गाता ओरडली.

"आत्या, दगड बांधलाय काय ह्याला?"

दगड नव्हता, खालची मण्यांची झालर होती. तीही माझीच कल्पना. दुपारभर बसून मी चारही झालरी उसवल्या. मग मात्र पुढच्या खेपेला शेवटच्या सावधानपर्यंत दोघांचेही हात वर राहिले.

चार अंतरपाटांनी टेबल भरणार नव्हतं आणि हातात एकच दिवस उरला होता. सोमवारी सकाळी मी ट्रेसिंग पेपरवर पाचव्याचं डिझाईन काढायला घेतलं, साध्या सुती कापडासाठी. एक मोर काढून झाला, दुसऱ्याचा नुसता पिसारा. खोलीचं दार लावलेलंच होतं. मी कडी काढली. मग कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. वहिनी कांदा चिरत होती.

"अर्धंच झालंय," मी म्हणाले.

तिनं पदराला हात पुसले आणि कागद उजेडाकडे धरला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

"हे काय, कोंबडी?"

"मोर आहे."

"मान लांब कर मग. आणि वन्सं, तोंड पाडू नका. पिसारा झ्याक आलाय."

मी ओट्यावर कागद ठेवला आणि मान खोडली. वहिनी शेजारी कांदा चिरत उभीच राहिली, मधूनमधून वाकून बघत. त्या दिवशी उजेड होता तोवर भरतकाम उरकलं. पाच अंतरपाट घड्या घालून पिशवीत गेले.