वहिनींच्या वतीने

एका डॉक्टरने एकदा मला एक प्रश्न विचारला आणि मी 'हो' म्हणालो. उत्तर मला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्या माझ्या वहिनी शेजारच्याच स्टुलावर बसल्या होत्या, आणि त्यांचं उत्तर 'नाही' असं होतं. कागदावर उतरलं ते माझं. त्यापायी वहिनींची अकरा वर्षं गेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी डॉक्टरमंडळींना बरंच काही बोलणार आहे. वाचणाऱ्याने त्या रांगेत मलाही उभं करावं. सगळ्यात पुढे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. माहेर कोडोलीचं. आवाज असा खणखणीत, की कसबा बावड्यातल्या आमच्या गोठ्यातून त्यांनी हाक मारली की चार घरं पलीकडे दूधसंस्थेच्या ऑफिसात रजिस्टर लिहीत बसलेला मी दचकायचो. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही 'आलो, गेलो' असंच बोलतात. वहिनींच्या तोंडी ते जास्तच ठसक्यात यायचं. आई म्हणायची, "हळू बोल गं, रस्त्यावरनं लोकं जात्यात." त्यावर वहिनी आणखी एक पट्टी चढवून, "जाऊंद्यात की! हळू बोलायला मी काय चोरी केलीया व्हय?" अशा बाईचं बोलणं एकामागून एक पाच डॉक्टरांना ऐकू आलं नाही. मला हे आजही वैद्यकशास्त्रातलं थोर आश्चर्य वाटतं.

दादा फौजेत होता. वर्षातून दोन महिने घरी यायचा. त्यामुळे वहिनींना कुठे न्यायचं-आणायचं काम माझ्या स्कूटरकडे होतं. घरातली रीत अशी की बाई दवाखान्यात एकटी जायची नाही. सोबत पुरुष हवा. आणि आत गेल्यावर बोलायचं ते त्या पुरुषाने. बाईने हात पुढे करायचा, जीभ दाखवायची आणि बाकी वेळ स्वतःविषयी चाललेली चर्चा ऐकायची.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील. वहिनींचं वजन एकाएकी वाढायला लागलं, चेहऱ्यावर फोड, हनुवटीवर राठ केस. आईने मला सांगितलं, "तिला दाखवून आण, अशक्तपणा असंल." अशक्तपणाने वजन वाढतं का, हे आम्हाला कुणाला सुचलं नाही. डॉक्टर गावातले नावाजलेले. वहिनींकडे एकदाही न बघता, पेन कागदावर टेकवून त्यांनी मला विचारलं, "यांची पाळी वेळेवर येते ना?"

मी तिशीतला, लग्न न झालेला दीर. कानापर्यंत तापलो. प्रश्न लवकर संपावा एवढीच इच्छा होती. मी म्हणालो, "हो हो, सगळं वेळेवर."

वहिनी म्हणाल्या, "न्हाय वो! चार-चार महिनं येत न्हाय!"

डॉक्टर हसले. "अहो ताई, ते सांगतायत ना." आणि त्यांनी इंग्रजीत एक शब्द लिहिला. पाळी नियमित, असा त्याचा अर्थ. रक्तवाढीची बाटली घेऊन आम्ही बाहेर पडलो. परत येताना वहिनींच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. घरासमोर उतरल्यावर त्यांनी पदर खोचला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भावजी, माझ्या पाळीची खबर तुमच्याकडं कवापास्नं यायला लागली?"

मी स्कूटर लावायच्या निमित्ताने मागच्या बाजूला पळालो. फस्सकन दोन बायका हसल्याचं ऐकू आलं. मला त्या वेळी अपमान वाटला तो माझा! वहिनींच्या बाबतीत काही घडलंय, हे डोक्यातच आलं नाही.

तो कागद फाईलला लागला, आणि फाईल पुढे प्रत्येक दवाखान्यात आमच्या आधी आत जायला लागली. वहिनी सांगायच्या, "येत न्हाय." डॉक्टर पानं उलटायचे, "पण इथे तर नियमित लिहिलंय," आणि माझ्याकडे बघायचे. मी खाली बघायचो. "त्यांच्या नीट लक्षात राहत नसेल," असा निकाल व्हायचा. गोठ्यातल्या प्रत्येक जनावराची तारीख तोंडपाठ असलेल्या बाईच्या लक्षात राहत नाही म्हणे! एकच खोटं मी एकदाच बोललो असतो तर एक वेळ सांगण्यासारखं होतं. मी ते दरवेळी नुसतं गप्प बसून बोलत गेलो.

घरात तर आणखी मजा. पाळी न येणं हा आमच्याकडे आजार नव्हताच, सोय होती. नवरात्रात घट बसले की नऊ दिवस घटाला पाणी घालायला, माळ बांधायला बाई लागते, आणि मधेच तिची 'अडचण' आली की पंचाईत. वहिनींची अडचण यायची नाही. त्यामुळे घट त्यांच्याकडे, गौरी त्यांच्याकडे, भावकीत सत्यनारायण असला तरी बोलावणं त्यांनाच. आई कौतुकाने सांगायची, "आमच्या थोरलीचं बरं हाय बाई, देवाच्या कामात कवा आडवं येत न्हाय." वहिनी घटासमोर बसून म्हणायच्या, "देवी बी म्हणत असंल, ह्या घरात एकच बाई दिसती, बाकीच्या कुठं मेल्या?" आम्ही हसायचो. आजारी बाईला आम्ही नऊ दिवस उपाशी बसवत होतो आणि वर तिला भाग्यवान म्हणत होतो.

डॉक्टरांना नावं ठेवण्यात वहिनींचा हात कुणी धरला नसता. पहिला होता 'कागदवाला'. दुसरा 'वजनकाटा': आत पाऊल टाकलं की काट्यावर उभं करायचा आणि काटा थांबायच्या आत म्हणायचा, "भात बंद करा." वहिनींनी भात बंद केला, भाकरी अर्धी केली, पहाटे शुगर मिलपर्यंत चालत जाऊन यायला लागल्या. सहा महिन्यांनी वजन दोन किलोने वाढलं. वजनकाटा मिश्कीलपणे मला म्हणाला, "चोरून खात असतील." वहिनी उठून उभ्या राहिल्या. "पावणं, मी हितं बसलोय की! चोरी मी केली असंल तर मला इचारा. न्हाईतर ह्यास्नीच उभं करा काट्यावर, बगू काय भरतंय." त्या दवाखान्यात आम्ही परत गेलो नाही. जायला तोंडच नव्हतं.

तिसरा 'टेन्शन घेऊ नका'. त्याच्यापुढे पाय मोडून गेलात तरी त्याने हेच सांगितलं असतं. नवरा सीमेवर, मूल नाही, म्हणून मनावर परिणाम, असं त्याने मला बाजूला घेऊन समजावलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. चौथा तर थोरच. तो म्हणाला, "एकदा मूल झालं की पाळीचं आपोआप नीट होईल." वहिनींनी विचारलं, "अन् मूल का हुईना?" तो म्हणाला, "पाळीचं नीट झालं की होईल." बाहेर आल्यावर वहिनी पायरीवरच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "भावजी, दोर हिरीत पडलाय, अन् ह्यो सांगतोय, हिरीत उतराय दोर घ्या!" मीही हसलो. मग लक्षात आलं की डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. मी चहा आणायला गेलो. जिथे काही बोलायला हवं तिथून चहा आणायला जाणं, हे मला फार चांगलं जमतं.

पाचव्याबद्दल लिहीत नाही. त्याने फाईल वाचून आम्हाला आतच घेतलं नाही. बाहेरच्या मुलीकरवी जुन्याच गोळ्या चालू ठेवायला सांगितलं.

दादा फोनवर विचारायचा, "काय म्हणतोय डॉक्टर?" मी सांगायचो, "काही सापडत नाही." मग तो वहिनींवर चिडायचा. त्याचा आवाज फोनबाहेर यायचा. "एवढी घसा फोडून बोलतीस, डॉक्टरपुढं काय दातखीळ बसती तुझी? नीट सांगत का न्हाईस?" मी तिथेच बसलेला असायचो. वहिनी माझ्याकडे एकदा बघायच्या, आणि फोनमध्ये म्हणायच्या, "सांगतोय की. पुढच्या बारीला आणखीन मोठ्यानं सांगतो." माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. ते घेत नाहीत याबद्दल मला बरं वाटायचं, हेही इथे लिहून ठेवतो.

मग आमची जर्सी गाय माजावर यायची थांबली. दोन महिने वाट बघून वहिनींनी जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. तो गडी तासाभरात हजर. गोठ्यातच बादली पालथी घालून बसला आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता वहिनींना विचारायला लागला. शेवटची माजावर कधी आली? त्याच्या आधी? किती दिवसांचं अंतर? चारा काय? वहिनींनी खुंटीवरचं कॅलेंडर काढून दिलं. त्यावर गायीच्या तारखांना निळी खूण होती. त्याने बोट फिरवत सगळ्या तारखा वाचल्या, कोपरापर्यंत हातमोजा चढवून गाय तपासली आणि म्हणाला, "अंडाशयावर गाठ आहे, वहिनी. म्हणून माजाची पाळी चुकते. इंजेक्शन देतो, बघू."

सगळं मिळून पाव तास लागला असेल.

वहिनी गायीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं, "डॉक्टर, बाईमाणसाला बी असं हुतंय का वो?"

तो बिचारा गोंधळला. हात धुता धुता म्हणाला, "ते मी सांगायचं नाही, वहिनी. गाय आणि माणूस सारखं नसतं. पण बायकांच्यातही अंडाशयाचे त्रास असतात. बाईडॉक्टरला दाखवा आणि सोनोग्राफी करा म्हणा. आणि हे असंच एक कॅलेंडर घेऊन जावा."

"हाय की," वहिनी म्हणाल्या, आणि तेच कॅलेंडर त्याच्यापुढे धरलं. निळ्या खुणांच्या खाली लाल खुणा होत्या. वर्षभरात तीन. मी ते कॅलेंडर रोज बघत होतो. लाल खुणा कसल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात वहिनी मला न सांगता, एकट्या, बसने शहरात गेल्या. फाईल कपाटात ठेवून गेल्या. नेली ती फक्त जुनी सहा कॅलेंडरं, गुंडाळी करून. संध्याकाळी परत आल्या त्या थेट गोठ्यात गेल्या आणि गायीला म्हणाल्या, "तुझंच डॉक्टर बरं हाय गं बाई." मग मला सांगितलं. बाईडॉक्टर तरुण होती. तिने विचारलं, वहिनी बोलल्या, आणि तिने त्यांचं बोलणं संपेपर्यंत पेन उचललं नाही. हनुवटीचे केस, फोड, वजन, तारखा. सगळं एकाच दोरीत ओवलं. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या. आजाराला नाव होतं: पीसीओएस. वर्षानुवर्षं पाळी न आल्याने गर्भपिशवीचं अस्तर जाड झालं होतं. त्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागला. साखर वाढलेली होती. तुकड्यात वाईट काही निघालं नाही. निकाल येईपर्यंतचे दहा दिवस वहिनी एकदाही मोठ्याने बोलल्या नाहीत. आईने दुसऱ्या दिवशीच विचारलं, "हिचा आवाज का बसलाय?"

"आधी आला असतात तर मुलाचं बघता आलं असतं," असंही त्या बाईडॉक्टरने सांगितलं होतं. "आताही बघता येईल, पण खात्री देत नाही." हे मला वहिनींनी सांगितलं नाही. ते मला फार उशिरा, पुढे माझं लग्न झाल्यावर, बायकोकडून कळलं.

दादा निवृत्त होऊन आला. त्याने कोडोलीला घर बांधलं, वहिनींच्याच माहेरच्या गावात. गेल्या वर्षी ते दोघं तिकडे राहायला गेले. टेम्पो भरून झाला होता. आई कट्ट्यावर बसली होती. वहिनी गॅसच्या शेगडीला दोरी आवळत होत्या. दादा खुशीत होता, सहज चेष्टेत म्हणाला, "तिथल्या डॉक्टरला तरी आता नीट सांगत जा गं. हितं वर्षानुवर्षं तोंड मिटून बसलीस अन् जीवावर बेतवून घेतलंस."

वहिनींनी नुसती गाठ मारली. नेहमीसारखंच माझ्याकडे एकदा बघितलं. चहा आणायला जाण्यासारखी जागा उरली नव्हती. चहा नुकताच झाला होता.

मी म्हणालो, "दादा, त्यांनी सांगितलं होतं. मीच डॉक्टरला... म्हणजे त्यांचा तो तसला त्रास..."

"अर्धं नगं, भावजी," वहिनी म्हणाल्या. दोरी सोडून त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "बोलायचंय तर समदं बोला. अन् तसला न्हवं. त्याचं नाव घ्या. आत्ती बी ऐकूद्यात."

आत्ती म्हणजे आई. तिने मान वळवली. टेम्पोवाल्याने बिडी विझवली. माझ्या पन्नाशीच्या कानांना तीच जुनी ऊब यायला लागली. मी म्हणालो, "वहिनी, तुमची पाळी येत नव्हती. डॉक्टरनं मला विचारलं, आणि मी येते म्हणून सांगितलं. लाज वाटली म्हणून. तुम्ही दरवेळी खरं सांगत होता, आणि मी शेजारी गप्प बसून तुम्हाला खोटं पाडत होतो. दादा, त्यांचं काही चुकलेलं नाही. तू फोनवर त्यांना बोलायचास तेव्हाही मी तिथंच होतो. माझं चुकलं, वहिनी. मला माफ करा."