लाभ, दोन, आणि पुढे

लोणावळ्याच्या बाजारातल्या ज्या इमारतीत माझं लग्न ठरलं, ती माणसांसाठी बांधलेलीच नव्हती. खाली दगडी कोठार, वर सागवानी माळा, आणि माळ्याला रस्त्याच्या बाजूने भलंमोठं दार. दारावर तुळई, तुळईला कप्पी. मावळातला तांदूळ बैलगाडीतून दोराने थेट वर जायचा. पोत्यांना पाय नसतात, तेव्हा जिना बांधायचं कुणाला सुचलंच नाही. पुढे तांदूळ खालीच मावू लागला, माळ्यावर दोन वर्षं मुलींची शाळा भरली, आणि शाळा हलल्यावर माझ्या वडिलांनी तो राहायला घेतला. वडील रेल्वेत कारकून. वर वारा छान येतो म्हणायचे. चढायला एक शिडी होती.

त्या शिडीने माझी तीन स्थळं घालवली. मंडळी यायची, खालून मान वर करून बघायची आणि "कळवतो" म्हणून जायची. माझं तोंडही कुणी पाहिलं नव्हतं. मला शिडीचा असा राग यायचा की सरपणात घालावीशी वाटे.

चौथ्या स्थळी मुलाची आई चांगलीच भारदस्त निघाली. "हे काही मला जमायचं नाही," त्या शिडीकडे बघून म्हणाल्या. वडिलांचा धीर सुटला. त्यांनी कोठारातल्या म्हाताऱ्या हमालाला बोलावलं, कप्पीच्या दोराला पाट बांधला आणि विनवण्या करून बाईंना त्यावर बसवलं.

"भिऊ नका मावशी," हमाल म्हणाला. "आजवर एक पोतं पडलं न्हाई."

पाट माळ्याला टेकला आणि हमालाने जन्माच्या सवयीने हाळी दिली, "लाभ!"

धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. बाई एकदम खुलल्या. "शकुन चांगला झाला," म्हणाल्या. मागून त्यांची नणंद वर आली. "दोन!" हमाल ओरडला. नणंदेने पोह्यांना हात लावला नाही.

मला बघून झालं, आणि शेवटी तेच आलं, "कळवतो." त्यात बाई उतरायच्या होत्या, आणि गोणी खाली सोडली की हमाल "गेली!" म्हणून ओरडायचा. वडिलांना ते आठवलं मात्र, ते लाडू घेऊन शिडीवरून धावत उतरले आणि हमालाने तोंड उघडताच त्यांनी तो आख्खा आत कोंबला.

बाई खाली टेकल्या, पदर सावरला, आणि मी दारात उभी होते तिकडे वर पाहिलं.

"कळवायचं कशाला, मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या. "लग्न तेवढं खाली करा."

मी सगळ्यांदेखत रडले.