बर्फाच्या कप्प्यातलं इन्सुलिन

परतवाड्याच्या रस्त्यावरच्या एका गावात माझं औषधांचं दुकान आहे. काकू तिथे दर महिन्याला इन्सुलिन न्यायला यायच्या. काकाजी, म्हणजे त्यांचे यजमान, निवृत्त पोस्टमन. ते बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचे आणि काकू आत माझ्याशी गप्पा मारायच्या. कुपी थंड पिशवीत बांधून देताना मी दरवेळी बजावायचे, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, वर नाही.

"किती डाव सांगशीन वं?" म्हणून त्या हसायच्या.

मागच्या उन्हाळ्यात काकूंचे गुडघे फारच धरले. त्यांना चालवेना, तेव्हा काकाजी एकटे यायला लागले. सुई टोचायलाही ते या वयात शिकले. मधल्या कप्प्याचं मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मे महिन्यात काकूंना सारखी तहान लागू लागली. मग उलट्या सुरू झाल्या, बोलण्यात भ्रम आला. त्यांना अमरावतीला नेलं. साखर भलतीच वाढली होती. तिथून त्या परत आल्या नाहीत.

तेराव्यानंतर काकाजी दुकानात आले. उरलेल्या कुप्या रुमालात बांधून आणल्या होत्या.

"हे ठेव, पोरी. कोन्या गरिबाच्या कामी पडन."

एकदा दुकानाबाहेर गेलेलं औषध मला परत घेता येत नाही, हे त्यांना कसं सांगावं, अशा विचारात मी एक कुपी उचलली. दुधासारखं दिसणारं ते इन्सुलिन. हातावर हळूच घोळवलं की एकसारखं व्हायला हवं. झालं नाही. काचेला आतून पांढरे कण चिकटून होते. दुसऱ्या कुपीतही तेच.

"काकाजी, या कुठं ठेवल्या होत्या?"

"वरच्या बर्फाच्या कप्प्यात. घंटा-घंटा लाइन राहे नाई. मनलं, गरमीनं खराब नोको व्हाले. तिले टोचाच्या आंधी काढून ठेवो भाईर. काहून?"

इन्सुलिन एकदा गोठलं की त्याचा जोर जातो. पुन्हा पातळ झालं तरी ते औषध राहत नाही. काकूंना त्यांनी काय टोचलं होतं, ते माझ्या ध्यानात आलं. काकाजी माझ्याकडे बघत होते.

"काही नाही, असंच," मी म्हटलं आणि कुप्या ठेवून घेतल्या.

त्यांचा मुलगा अमरावतीला नोकरीला आहे. इन्सुलिन चालू असताना साखर एवढी चढली कशी, हे डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं. एका सकाळी तो दुकानात आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर बोलला, "तुमच्या फ्रीजमधूनच खराब माल दिला तुम्ही. माझी आई गेली त्यानं."

काकाजी त्याच्या मागेच उभे होते, खाली मान घालून. मी एवढंच म्हटलं, "माझा फ्रीज बघून घ्या."

त्यानं तक्रार केली. औषध निरीक्षक आले. फ्रीज, त्यातला थर्मामीटर, फ्रीजपुरता लावलेला इन्व्हर्टर, खरेदीची बिलं, सगळं त्यांनी तपासलं. काहीच वावगं सापडलं नाही. पण गावाला निरीक्षक आल्याचं तेवढं दिसलं. माणसं माझ्या दुकानावरून पुढे जाऊन परतवाड्याहून औषधं आणू लागली. घरी नवरा म्हणायचा, "तू खरं सांगून का टाकत नाहीस?" रात्रंदिवस बायकोची सेवा केलेल्या माणसाला मी ते कोणत्या तोंडानं सांगणार होते?

पण गप्प राहण्यातही धोका होता. फ्रीज घरोघरी होते आणि लाइन सगळ्यांचीच जायची. म्हणून इन्सुलिन न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी जास्तच खोलात जाऊन समजावू लागले.

पावसाळ्यात एका बाईला असंच सांगत होते, "बर्फाच्या कप्प्यात अजिबात ठेवू नका. गोठलं की संपलं. मग सुई दिली काय न नाही दिली काय, सारखंच."

बाहेर बाकावर काकाजी बसले होते. ते कधी आले, मला दिसलंच नव्हतं. बाई गेल्यावर ते आत आले. काउंटरला धरून उभे राहिले.

"तुले तवाच समजलं होतं?"

खोटं बोलवेना. मी "हो" म्हटलं.

"मी रोज टायमावर टोचत होतो वं. एक दिवस चुकलो नाई."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. तुम्हाला माहीत नव्हतं, असं मी म्हणाले, तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "तुनं सांगतलं होतं. माह्याच ध्यानात राह्यलं नाई."

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. वडिलांनी त्याला सगळं स्वतःच सांगितलं होतं. तो बराच वेळ माफी मागत राहिला. गावातही काकाजींनीच सांगितलं असावं, कारण हळूहळू गिऱ्हाइकं परतली. मला त्याचा आनंद झाला नाही.

दिवाळीच्या आधी मुलगा काकाजींना न्यायला आला. मी एसटी स्टँडवर गेले होते. मुलगा सामान चढवत होता. काकाजी खिडकीशी बसले होते, हडकुळे झालेले. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तिले लय तरास झाला असन का वं, पोरी?"

"नाही, काकाजी," मी म्हटलं.

बस हलेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांना ते पटलं की नाही, मला कळलं नाही.