अर्धी पुसलेली काच

अख्ख्या नांदेडात गाडीची समोरची काच आतून अर्धीच पुसणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघावा! माझे मावसा. रोज सकाळी ओला पेपर घेऊन गाडीत बसायचे, उजवी बाजू अशी लख्ख करायचे की काच आहे की नाही कळू नये, आणि मधोमध येऊन थांबायचे. डावीकडं धुळीचा थर. कुणी हात लावायला गेलं की, ती बाजू राहू दे, एवढंच म्हणायचे.

तशी त्या म्हाताऱ्या पांढऱ्या गाडीची सगळीच तऱ्हा न्यारी. आत बसताना चपला काढून हातात घ्यायच्या. दार आपटलं की मावसा दिवसभर अबोला धरायचे. स्वतःच्याच फाटकातून निघताना हॉर्न, चढ लागला की ‘चल गं माय’ म्हणत स्टेअरिंगवर थाप. आणि कहर म्हणजे गाडी सुरू झाली की त्यांचा डावा कान बंद व्हायचा. घरात त्याच कानाला लाडवाच्या डब्याचं झाकण उघडलेलं ऐकू यायचं. पण गाडीत डावीकडं मावशी बसायची ना! तिचं माहेर नायगावच्या अलीकडच्या फाट्यावरून डावीकडं. ती बिचारी ओरडून ओरडून सांगायची, आणि हे फाटा मागं टाकून थेट नायगावात जायचे, चहा प्यायचे, मग गाडी फिरवायचे. वर म्हणायचे, ‘सासुरवाडीचा रस्ता मला दिसतच न्हाई, त्याला मी काय करू?’

शेवटी एका हिवाळ्यात काचेवर आतून वाफ धरली होती, तेव्हा मावशीनं बोटानं हा एवढा मोठा बाण काढला. डावीकडं. त्या दिवशी मावसा निमूट वळले. वाफ विरली, पण बोटाचा ठसा राहिला. गारठ्यात काच धुकटली की बाण पुन्हा उमटायचा. दोन वर्षांमागं मावशी गेली. बाण तेवढा राहिला. थंडीत मावसा भाजीला म्हणून निघायचे आणि बाण दिसला की उगीच डावीकडं वळून भलत्याच गल्लीत शिरायचे. आम्ही हसायचो. माहेरच्या फाट्याकडं मात्र मावशीमागं ते एकदाही फिरकले नाहीत.

यंदा खडीच्या टिपरमधून दगड उडाला आणि काचेला नेमकी त्यांच्या डोळ्यांसमोर चीर गेली. एका म्हशीच्या दोन म्हशी दिसायला लागल्या. मीच मागं लागून त्यांना काचवाल्या चाचांकडं नेलं. ही काच नुसती रबरात बसवलेली नव्हती, काळ्या चिकट मसाल्यानं पक्की डकवलेली होती. चाचांनी त्या मसाल्यातून बारीक तार आत ओवली आणि दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधल्या. एक मूठ बाहेर चाचांच्या हातात, दुसरी आत बसलेल्या मावसांच्या. एकदा यांनी ओढायचं, एकदा त्यांनी, करवत चालवावी तसं. मावसांची अट एकच, काच सबंध निघाली पाहिजे, ती घरी न्यायची आहे. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. या वयात बायकोच्या बोटाची गोष्ट कशी काढायची, म्हणून लाजले असतील. फक्त ‘डावीकडं जरा हळू,’ एवढंच म्हणाले. चाचा म्हणाले, ‘सगळीकडंच हळू करायलोय साहेब.’ तार डाव्या कोपऱ्यात आली तेव्हा मावसांच्या कपाळावर घाम होता. चीर होती तेवढीच राहिली, काच सबंध निघाली.

मावसा असे खुलले की विचारू नका. काच न्यायला म्हणून घरची गादी आणली होती, ती रिक्षातून उतरवायला आम्ही दोघं गेलो. परत येतो तर चाचांनी काच दोन्ही बाजूंनी थिनरनं पुसून चकचकीत करून ठेवलेली. म्हणाले, तुम्ही एवढा जीव लावायलात, तर तशी मळकी कशाला द्यावी?

मावसा वाकले. काचेच्या डाव्या बाजूला तोंड नेऊन त्यांनी वाफ सोडली. परत सोडली. काहीच उमटलं नाही. मला रडूच फुटलं. चाचा घाबरले, कुठं डाग राहिला का म्हणून विचारायला लागले.

‘न्हाई चाचा,’ मावसा म्हणाले, ‘एक बी डाग ठेवला न्हाई तुमी.’ आणि त्यांनाच हाताला धरून चहाला घेऊन गेले.

नवी काच बसली. मसाला वाळायला गाडी रात्रभर तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घेतल्यावर मावसा म्हणाले, चल, काच कशी बसली ते चालवून बघू. मावशीच्या जागेवर मी बसले, चपला हातात. नायगावच्या रस्त्याला गारठा होता आणि नवी काच धुकटली, कोरीच्या कोरी. मी बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं. ते माझं काम नव्हतं. फाटा जवळ आला. मावसांनी गाडी हळू केली, हॉर्न दिला आणि डावीकडं वळवली.

‘आज बरा दिसला रस्ता,’ मी पुटपुटले. एवढं हळू, तरी त्यांच्या डाव्या कानानं ते टिपलं.

‘दिसायचा की गं पहिल्यापासून,’ ते म्हणाले. ‘ती ओरडायची, ते ऐकायला बरं वाटायचं.’