साबेराबाजींचा डी ड्राइव्ह

नांदेडला देगलूर नाक्याजवळच्या एका गल्लीत साबेराबाजींचं दुकान आहे. पुढच्या भागात त्यांचे यजमान गुलाम रसूल शिलाई मशिनी दुरुस्त करतात आणि पडद्यामागे बाजींची कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीन खडखडत असते. मी कंधारला शाळेत शिकवते. नांदेडला आले की बाजींकडे चहा घेतल्याशिवाय परतायचं नाही, हा माझा दहा वर्षांचा नेम.

बाजींची एक खोड आहे. बाजारात तयार डिझाइनं पेन ड्राइव्हमध्ये भरून मिळतात, ती त्या घेत नाहीत. "ते डिझाइन सगळ्या गावाच्या पाठीवर दिसून राहिलं. मग माझ्याकडं कशाला यायचं कुणी?" म्हणतात आणि स्वतः काढायला बसतात. ज्वारीचं कणीस, सीताफळाचं पान, बिदरच्या सुरईवरची वेल, एकदा तर एसटीच्या खिडकीतून दिसलेली बगळ्यांची रांग. आधी कागदावर पेन्सिलीनं, मग कॉम्प्युटरवर एकेक टाका मांडून. कागद चुलीत जायचे, कारण डिझाइन कॉम्प्युटरमध्ये गेलं की कागदाचं काम काय? बारा वर्षांत अशी दोन हजारांवर डिझाइनं डी ड्राइव्हमध्ये साठली होती. दुसरी प्रत कुठंच नव्हती. का नव्हती म्हणून त्यांना हसू नका. तुमच्या फोनमधल्या फोटोंची तरी आहे का?

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं, महामायाचं लग्न ठरलं. पांढरी साडी, निळे काठ आणि ब्लाउजच्या पाठीवर बोधिवृक्षाचं पान, एवढीच तिची मागणी होती. बाजींनी पान काढून ठेवलं होतं, नमुना बघायला मी शनिवारी दुपारी गेले. पडदा सरकवला तर मशीन गप्प, बाजी खुर्चीत ताठ बसलेल्या आणि रसूलभाई त्यांच्या खांद्यावरून कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याकडं वाकून बघत असलेले.

"काय झालं बाजी?"

"माझ्या हातानं माझंच घर पाडलं, मनिषा," त्या म्हणाल्या.

झालं होतं ते असं. कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह काठोकाठ भरला होता. डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर उघडलं की जागा नाही, जागा नाही असा धोशा. डी मात्र अर्धा रिकामा. मग बाजींनी एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस डीची जागा कापून सीला जोडत होता, अगदी वावराचा बांध सरकवावा तशी. बाजींनी तेच सॉफ्टवेअर घेतलं, डीमधून वीस जीबी कापायला लावले आणि बटण दाबलं. त्रेसष्ट टक्के झाले आणि लाइट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी मागच्या उन्हाळ्यापासून फक्त शिट्टी वाजवायचंच काम करत होती. लाइट आली तेव्हा कॉम्प्युटर स्वतःशीच काहीतरी तपासत बसला, आणि मग डीवर क्लिक केलं तर पाटी आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

"हौ म्हण की," रसूलभाई म्हणाले, "तो इतक्या अदबीनं विचारतोय." आणि त्यांचं तेल लागलेलं बोट माऊसकडं गेलं. बाजींनी ते बोट वरच्यावर झटकलं आणि सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. आज त्या सांगतात, आयुष्यात नवऱ्याला मारलेली ती एकच चापट, आणि तिच्यानंच सगळं वाचलं.

मुलाला, अम्मारला, हैदराबादला फोन केला. तो एसी बसवतो. तो म्हणाला, "अम्मी, गॅस भरायचा असेल तर सांग." मग गल्लीच्या तोंडाच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, फॉरमॅट मारून सॉफ्टवेअर फिरवतो, आलं तर आलं. बाजींना हे 'आलं तर आलं' काही पटलं नाही. शेवटी त्यांना लातूरचे वीरण्णासर आठवले. बाजींचं माहेर लातूर. लग्नाआधी तिथं त्यांनी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तेव्हा हे सर शिकवायला होते. आता निवृत्त झाले होते, पण ईदला आणि दिवाळीला फोन चुकत नव्हता.

बाजींनी फोन स्पीकरवर ठेवला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यानंतर चालू केलास का तो कॉम्प्युटर?"

"न्हाई सर. बंद करून बसलेय."

"शाब्बास. आता कुणी कितीही शहाणपणा शिकवला तरी हात लावू नको. डिस्क काढ आणि उद्या घेऊन ये. पिशवीत आदळू नको तेवढं."

रविवार होता, मीही सोबत निघाले. रसूलभाईंनी डिस्क काढून दिली. बाजींनी ती गोधडीच्या चिंध्यांमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली आणि डबा मांडीवर. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, तरी त्यांनी डबा खाली ठेवला नाही. चाकूरला शेजारची बाई उतरता उतरता म्हणाली, "लई वेळ झाला डबा धरून, आता तरी खाऊन घ्या की." बाजी पहिल्यांदा हसल्या.

सरांचं घर खाडगाव रस्त्याला. सर उंच, सडपातळ, चष्मा कपाळावर. डिस्क हातात घेतली आणि त्यांनी ती लगेच उघडून बघितली नाही. आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्यायला लावली.

"आधी बघा तरी सर, हाय का न्हाई," बाजी म्हणाल्या.

"बेडा, बेडा," सर म्हणाले. ते निलंग्याकडचे, घाई दिसली की कानडीतून नको म्हणतात. "जी काय तोडफोड करायची ती नकलेवर करू. मूळ डिस्क डब्यात."

नक्कल व्हायला चार तास लागणार होते. सरांच्या पत्नी नीलाबाईंनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याचं भरीत वाढलं. बाजींना घास गिळवेना. मग नीलाबाईंनी आपली एक उसवलेली साडी आणून त्यांच्या मांडीवर टाकली. "फॉल लावून द्या जरा," म्हणाल्या. बाजींचे हात चालू झाले आणि चेहऱ्यावर रंग आला. ती साडी मुद्दाम आणली होती का, हे मी नीलाबाईंना अजून विचारलेलं नाही.

दुपारी तीनला सर नकलेवर काम करायला बसले. त्यांनी डीच्या जुन्या हद्दी शोधून काढल्या. पडद्यावर फोल्डरांची नावं दिसू लागली: फुलं, पाखरं, काठ, नवरी. बाजी उभ्याच राहिल्या. फुलं उघडली. झेंडू आला, सूर्यफूल आलं, सीताफळाचं पान आलं. मग पाखरं उघडलं आणि मोराच्या जागी नुसता धाग्यांचा गुंता. बगळा उघडला, तसाच गुंता. पुढची पन्नास डिझाइनं तशीच.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "निम्म्याच्या आसपास आलंय, साबेरा. बाकीचं..."

बाजी पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. बराच वेळ मोराचा गुंता बघत राहिल्या.

"सर, हे मोडलेलं न्हाई. ही फ्रेम सरकलीय."

"म्हणजे?"

"आमच्या मशीनवर कापड फ्रेममध्ये ताणतो ना आम्ही? भरता भरता फ्रेमला धक्का बसला की अर्धं फूल जागेवर पडतं, अर्धं बाजूला. धागा तोच, टाके तेच, फक्त जागा चुकली. ते सॉफ्टवेअर माझा माल उचलून पुढं ठेवत व्हतं. लाइट गेली तेव्हा निम्मा माल नव्या जागी पोचला व्हता, निम्मा जुन्याच जागी. तुम्ही सगळा जुन्या जागी शोधून राहिलात."

सरांनी खुर्ची पुढं ओढली. "किती सरकवलं होतंस? अंदाजे नको."

"वीस हजार चारशे ऐंशी एमबी."

"नक्की?"

"त्या व्हिडिओवाल्यानं वीस हजार टाकले व्हते. एक जीबी म्हणजे हजार चोवीस, हे तुम्हीच शिकवलंय. मी वहीत गुणाकार करून टाकले."

सरांनी मागच्या अर्ध्या भागासाठी तेवढं अंतर पुढं धरून वाचायला लावलं. एका वेळी एकच आकडा बदलला. मग पाखरं पुन्हा उघडलं. मोर आला. पिसाऱ्यासकट, डोळ्यातल्या एका पांढऱ्या टाक्यासकट. पाठोपाठ बगळ्यांची रांग.

बाजी रडतील असं मला वाटलं होतं. त्या मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, "मोराची मान जरा आखूडच काढली व्हती मी." सरांनी टेबलावर थाप मारून नीलाबाईंना हाक दिली, "अगं, चहा टाक! माझी विद्यार्थिनी मला शिकवून राहिली!"

सगळं मात्र आलं नाही. जिथं काम अर्ध्यात तुटलं त्या सांध्यावरची आणि नंतर कॉम्प्युटरनं स्वतः दुरुस्त करायला घेतलेली, अशी एकेचाळीस डिझाइनं गेली. त्यात महामायाचं पान होतं. सर ते सांगताना चाचरले. बाजींनी माझ्याकडं वळून एवढंच विचारलं, "लग्नाला किती दिवस हायेत?"

"अकरा."

"मग विहारातल्या झाडाचं पान आणून दे. खरं, ताजं. मागच्या वेळी फोटोवरून काढलं व्हतं, मला ते काय फार आवडलं नव्हतं."

मी दुसऱ्याच दिवशी कंधारहून वहीत दाबून पान नेलं. पानाचं एक टोक किड्यानं खाल्लं होतं. बाजींनी ते तसंच काढलं. महामाया आधी नाराज झाली, मग आरशात वळूनवळून पाठ बघत राहिली, आणि लग्नात तिच्या मैत्रिणींनी त्या कुरतडलेल्या टोकाचेच जास्त फोटो काढले.

आता बाजींकडं तीन प्रती असतात. एक दुकानात, एक घरी, एक लातूरला सरांच्या कपाटात. गल्लीतल्या ब्यूटी पार्लरवाल्या, झेरॉक्सवाले, फोटोवाले शुक्रवारी सकाळी आपापले पेन ड्राइव्ह घेऊन बाजींकडं येतात. पडदा बाजूला, मशीन बंद, आणि बाजी त्यांना प्रत कशी घ्यायची ते समजावून सांगत असतात. रसूलभाई बाहेर बसून प्रत्येकाला विचारतात, "यूपीएसची बॅटरी कधी बदलली?" उत्तर पटलं नाही तर आत सोडत नाहीत.

गेलेल्या एकेचाळीसपैकी अकरा बाजींनी पुन्हा काढली. उरलेल्यांचं काय, म्हणून मी विचारलं.

"त्यातली निम्मी मला आठवतच न्हाईत," त्या म्हणाल्या. "जे आठवत न्हाई त्याच्यासाठी डोळे कशाला फोडू? नवीन काढते की."