आईचा बसलेला घसा

सत्तरीत मला विद्यापीठाने तीन महिन्यांसाठी निवासी लेखिका केलं, म्हणजे घोडपदेवच्या आमच्या घरापासून टॅक्सीने वीस मिनिटांवर एक खोली दिली. पत्रात ‘बहुभाषिक’ असं ठळक छापलं होतं. मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहिते हे खरंच. पण तिथल्या विद्यार्थी पोरांना शेवटच्या दिवशी ऐकायची होती माझ्या आईची मालवणी, आणि ती माझ्या तोंडी उरलीच नव्हती.

घालवली मीच. कॉलेजातल्या मैत्रिणी पहिल्यांदा चाळीत आल्या, तेव्हा ही थोर विदुषी त्यांना म्हणाली, “आईचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय.” नळावर अख्ख्या मजल्याला गप्प करणारी आई मुकाट्याने चहा देत राहिली. मी शुद्ध मराठीत साहित्यावर बोलत होते. काय ते तेज!

आता आईचे शब्द होते फक्त धाकट्या बहिणीकडे. तिला फोन केला.

“तेव्हा आवशीचो घसो बसवलंस, आता माका इचारतंस, गो? मीच येतंय. पण तू तोंड उघडूचा नाय.”

“अगं, निवासी लेखिका मी आहे!”

“मगे तुझोच घसो बसतलो.”

शेवटच्या दिवशी बहीण माझ्या खुर्चीत बसून आईची नळावरची भांडणं ऐकवत होती आणि पोरं खो खो हसत होती. एका मुलीने मला विचारलं, “मॅडम, तुम्ही काहीच बोलत नाही?”

मी घशाकडे बोट दाखवलं आणि तिच्या हातात चहा दिला.